मेश्रामकाकूंची झडती

दुपारी अडीचला स्कूल बस दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीच्या गेटाशी थांबली, की मेश्रामकाकू उतरणाऱ्या प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली कानाशी धरून हलवायच्या. उन्हाळ्यात डोक्यावर ओला नॅपकिन, थंडीत दिवंगत नवऱ्याची माकडटोपी. शर्टाची बटणं, दप्तराचे पट्टे, डब्यात उरलेला पराठा, सगळ्याची झडती व्हायची. मुलं त्यांना 'चेकिंग आंटी' म्हणायची. आम्ही मोठी माणसं त्याहून वाईट म्हणायचो, पण त्यांच्या मागे.

काकू मूळच्या भंडाऱ्याच्या. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं फायली हाताळून निवृत्त झालेल्या, त्यामुळे भाषाही तीच. मऊ टोमॅटो त्या भाजीवाल्याला 'पुनर्विचार के लिए वापस' करायच्या.

एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "अस्मिताची बाटली आठ दिवस भरलेली परत येतेय. दिवसभर पाणी न पिणारं मूल बाथरूमला जायला घाबरतं. तन्वीशी बोल जरा."

अस्मिता समोरच्या ब्लॉकमधली, एप्रिलमध्ये बीडहून आलेली, माझ्या तन्वीच्याच वर्गात, सातवीत. तन्वीनं तिला सांभाळून घ्यावं, असं काकूंना म्हणायचं असेल, असं मी धरून चालले. तन्वीला तसं सांगितलं. "हो आई, बिल्कुल," ती म्हणाली.

आठवड्यानं काकू घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, बसल्याही नाहीत. बसमधल्या दोन मुलींनी त्यांना सांगितलं होतं. अस्मिताच्या हिंदीची रोज नक्कल होते. ती बाथरूममध्ये गेली की बाहेरून कडी लावतात, आणि ती घाबरून मराठीत ओरडायला लागली की बाहेर हसतात. हे सुरू करते तन्वी.

मी संतापले. मुलांची थट्टामस्करी चालतेच, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का, असं तोंडावर विचारलं. तेवढ्यावर थांबले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. आणखी चार पालकांनी माझी री ओढली आणि कमिटीनं काकूंना गेटावर उभं राहायला मनाई केली. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही.

महिन्याभरात अस्मिताचं नाव शाळेतून काढल्याचं कळलं. तिला परत बीडला, आजोळी ठेवणार होते. त्या दिवशी मी तन्वीला समोर बसवून पहिल्यांदा नीट विचारलं.

"मस्ती होती, यार," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी तिला घेऊन अस्मिताकडे गेले. तिच्या आईनं दार अर्धंच उघडलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती झोपलीय." संध्याकाळचे पाच वाजले होते. आत टीव्ही चालू होता. दार लागलं.

जिन्यात मेश्रामकाकू भेटल्या. अस्मितासाठी डब्यात काहीतरी घेऊन निघाल्या होत्या. आमचे चेहरे बघून त्यांना कळलं. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"सुधीर शाळेत असताना माझ्याकडेही एक बाई आली होती," त्या म्हणाल्या. "सुधीरनं तिच्या मुलाचा हात मोडला होता. मी तिला हाकलून दिलं."

सुधीर म्हणजे त्यांचा मुलगा, मानेसरच्या कारखान्यात मोठा साहेब. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी निघून गेली, एवढं सोसायटीला माहीत होतं. का गेली, ते काकूंनी तेव्हा जिन्यात सांगितलं. आता तो महिन्यातून एकदा फोन करतो आणि बायकोला बोलायचा तसंच आईलाही घालूनपाडून बोलतो. काकू तरीही फोन उचलतात.

मग त्या गुडघ्यावर हात टेकत पायरीवर बसल्या आणि तन्वीला शेजारी बसवलं. आता तिची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं.

"तुझ्याशी असं कोणी वागलं होतं का गं?" त्यांनी विचारलं. "सुधीरला मी कधी विचारलंच नाही."

तन्वीनं पहिलीत तिच्या वर्गात असलेल्या एका मुलीचं नाव घेतलं, आणि रडत रडत बोलत राहिली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.