खातं क्रमांक ४१७

सोमवारी दुपारी साडेतीन वाजता 'नव्या'ने कंपनीतून एका माणसाला कायमचं काढून टाकलं, आणि तो माणूस तो स्वतःच होता. पण असं काही घडलंच नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. कंपनी सातमजली आहे, तिच्याशी वाद कोण घालणार? तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरू आणि पहिल्यापासून सुरू करू.

नवा म्हणजे तीन महिन्यांपूर्वी या शहरात आलेला सॉफ्टवेअर डेव्हलपर. त्याला नाव होतं, पण ते वापरायची वेळ अजून कोणावर आली नव्हती. ऑफिसात सगळी कामं स्क्रीनवर यायची, स्क्रीनवरच जायची. महिन्यातून एकदा तिसऱ्या मजल्यावर शहरभरच्या डेव्हलपर लोकांचं मित्रमंडळ भरायचं. तिथेही तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा चार्जिंगच्या खोबणीजवळ उभा राहिला. एकाने न बोलताच त्याला आपला फोन धरायला दिला होता, तेवढाच काय तो परिचय!

आईला मात्र फोनवर रोज वेगळीच बातमी.

"अगं, इथे माझ्यावाचून पान हलत नाही!"

"मग आवाज का असा बसलाय?"

"दिवसभर बोलून बोलून!"

खरं तर आवाज न बोलून बसला होता. बंद घरातल्या नळासारखा तो आधी नुसता खरखरायचा, मग काहीतरी गढूळ यायचं, आणि मग कुठे शब्द.

त्या सोमवारी त्याच्या नोकरीचे नव्वद दिवस भरत होते. संध्याकाळी साडेपाचला एचआरच्या मॅडम त्याला कायम केल्याचं पत्र देणार होत्या. घरभाड्याचा करार त्या पत्रावर अडला होता, आणि आईने ते पत्र मिळाल्याचं सगळ्या नात्यागोत्यात आधीच सांगून टाकलं होतं. तोवर एखादा पराक्रम नावावर असावा म्हणून त्याने आठवड्यापूर्वीच एक काम ओढवून घेतलं होतं. टीमच्या ताईंनी ग्रुपवर विचारलं होतं, "कर्मचाऱ्यांच्या यादीत मेलेली खाती फार साचलीत. साफ कोण करेल?"

"मी! एका दुपारचं काम! माझ्या प्रोग्रॅममधून मुंगी सुटणार नाही!"

ताईंनी त्यावर एक अंगठा उमटवला.

नियम त्याने कडक लिहिला. नव्वद दिवसांत ज्याच्याशी ऑफिसातला एकही माणूस थेट बोलला नाही, ना फोन, ना मेसेज, ना मीटिंगमध्ये साधा प्रश्न, ते खातं मेलेलं. सगळ्यांना मिळून पाठवलेले निरोप धरायचे नाहीत. यंत्राने आपणहून पाठवलेले धरायचे नाहीत. आणि अंगठे तर मुळीच नाहीत. "अंगठा म्हणजे काय बोलणं झालं का?" असं तो स्वतःशीच म्हणाला.

शुक्रवारी प्रोग्रॅमने एकसष्ट जुनी खाती साफ केली. सगळी नोकरी सोडून गेलेल्यांची. सोमवारी साडेतीनला त्याने सहज, एक शेवटचा हात फिरवावा म्हणून, तो पुन्हा चालवला. आणखी एक सापडलं! क्रमांक ४१७. कुणाची चारचौघांत शोभा नको म्हणून नावं त्यानेच झाकून ठेवली होती, आणि स्वतःचा क्रमांक कोण पाठ करतं?

"अरेरे," तो हळहळला. "नव्वद दिवस! कोण असेल बिचारा? माणसंही काय निर्दयी असतात!"

आणि त्याने 'काढा' दाबलं.

स्क्रीन काळी झाली. वीज गेली असेल म्हणून तो बघायला बाहेर पडला आणि मागे दार लागलं. कार्ड टेकवलं तर लाल दिवा. पुसून टेकवलं, उलटं टेकवलं, विनवणी करून टेकवलं. लाल! शेवटी जिन्याने खाली फाटकावरच्या गार्डकाकांकडे गेला.

"काका, माझं कार्ड चालत नाहीये."

काकांनी नंबर तपासला. "चारशे सतरा? असा कोणी नाहीये इथे."

आत्ता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि प्रकाशही लालच पडला.

"अहो, मीच तो! मी मलाच काढलं!"

"राजीनामा दिलात?"

"नाही हो! चुकून!"

"बरं. आत कोणी ओळखतं का तुम्हाला?"

त्याने ताईंना फोन लावायला सांगितलं. काकांनी लावला, ऐकला, ठेवला. "ताई म्हणतात, आज कोणी यायचं नव्हतं. काही विकायचं असेल तर ईमेल करा."

"दुसरं कोणी?" काकांनी विचारलं. काका भला माणूस.

नव्याने खूप आठवून पाहिलं आणि शेवटी आईला फोन लावून काकांच्या हातात दिला.

"हो हो, माझाच मुलगा तो!" आई खणखणीत आवाजात म्हणाली. "आणि हे काय विचारणं झालं? तिथे त्याचे ढीगभर मित्र आहेत, त्यांना विचारा की!"

काकांनी फोन परत दिला आणि एचआरचा नंबर फिरवला.

मग एचआरच्या मॅडम खाली आल्या. नव्वद दिवसांपूर्वी "पाणी तिकडे आहे" असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. कंपनीत कोणी त्याच्याशी थेट बोलल्याची ती शेवटची वेळ.

"खातं परत सुरू करता येतं," मॅडम म्हणाल्या. "कंपनीतल्या एका माणसाने 'मी यांना ओळखतो' असं लिहून द्यायचं. सहाच्या आत. सहाला यादी बंद होते, मग पत्र नाही नि काही नाही."

"तुम्हीच द्या ना!"

"मी अशी रोज दहा जणांना पाणी दाखवते हो."

पाच वाजले होते. तिसऱ्या मजल्यावर मित्रमंडळ भरत होतं. तिथे बाहेरच्यांनाही प्रवेश! नव्याने पाहुण्यांची चिठ्ठी छातीला लावली आणि धावत वर गेला. मंडळाचा प्रमुख म्हणजे याच कंपनीतला एक दाढीवाला. ज्याने फोन धरायला दिला होता, तोच! तो मंचावर सांगत होता, "मित्रहो, आज ताजा विषय. आमच्या कंपनीने बनवलेला, मेलेली खाती हुडकणारा प्रोग्रॅम! अचूक! एकही चूक नाही!"

"चूक मी आहे!" नवा मागून ओरडला. "चारशे सतरा! मी मेलेलो नाही!"

सगळ्या माना मागे वळल्या. मग टाळ्यांचा कडकडाट! चाळीस माणसं उठून उभी राहिली.

"वा! प्रात्यक्षिक!" दाढीवाला गहिवरला. "या, पुढे या!"

"प्रात्यक्षिक नाही हो, माझी नोकरी चाललीय!"

"काय बोलतो! अंगावर काटा आला!"

लोकांनी त्याला घेरलं. फोटो काढले. "डोळ्यांतलं पाणी कसं आणलंत?" असं एकीने विचारलं. तीन महिन्यांत झालं नव्हतं तेवढं बोलणं दहा मिनिटांत झालं, आणि खरं सांगायचं तर नव्याला दोन क्षण बरंही वाटलं. पण घड्याळात पावणेसहा! त्याने दाढीवाल्याचा हात घट्ट धरला.

"साहेब, एवढं लिहून द्या. 'मी यांना ओळखतो.' तुमचा फोन मी धरला होता."

"अरे देतो की!" दाढीवाल्याने तिथल्या तिथे लिहून दिलं. "यांना मी ओळखतो. उत्तम कलाकार आहेत."

त्याच्या मागोमाग वर आलेल्या मॅडमनी ते वाचलं. "कलाकाराची जागा आमच्याकडे नाही."

तेवढ्यात टीमच्या ताई आत आल्या. त्याला पाहून थबकल्या. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय…"

"समोरच्या खुर्चीत, ताई! तीन महिने!"

"अय्या! मला वाटलं, ती खुर्ची दुरुस्तीवाल्यांची आहे." त्या मनापासून ओशाळल्या आणि पेन शोधू लागल्या. पेन सापडलं. कागद सापडला. "नाव काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. नव्याने तोंड उघडलं. आधी नुसती खरखर आली, मग काहीतरी गढूळ, आणि शब्द यायच्या आत सहा वाजले.

ग्रुपवर त्याचे सगळे निरोप आता 'हटवलेला सदस्य' या नावाने दिसतात. प्रोग्रॅम उत्तम चालतो. 'हटवलेला सदस्य, शाब्बास!' असं ताईंनी थेट त्यालाच लिहिलं. नव्वद दिवसांत कोणी त्याला लिहिलेलं पहिलं वाक्य. ते त्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फाटकावर एक अर्ज दिला. गार्डकाकांनी आवक नोंदवून त्यावर शिक्का मारला.

"प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय: संभाषण मिळणेबाबत. महोदय, अर्जदार नोकरी परत मागत नाही. तरी विनंती की, आपल्या आस्थापनेतील कोणत्याही एका व्यक्तीने, आपल्या सोयीच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत, अर्जदारास कामाशी संबंध नसलेला एक प्रश्न विचारावा. प्रश्न कोणताही चालेल. उत्तर ऐकून घेणे बंधनकारक नाही. कळावे."