शैलाताईंचे टाइमआउट

"कोण जिंकलं ते सांगू नका, जाधव. कोणाला लागलं का, तेवढं सांगा."

सामन्याची टेप हातात घेताना शैलाताई करंदीकरांचं हे वाक्य ठरलेलं. "एकीचा घोटा मुरगळला," असं मी म्हटलं, की त्यांचा चेहरा घरात पेढे आल्यासारखा उजळायचा. "कितपत? बाहेर न्यावं लागलं की मैदानातच बघितलं?" मैदानातच, म्हटलं की आणखी खूश. कोणालाच काही झालं नाही असं कळलं, तर "अरेरे" म्हणून टेप पिशवीत टाकायच्या आणि चालू लागायच्या.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं वॉर्ड सिस्टर म्हणून काढली होती. मला वाटायचं, सवय असते एकेकाची. निवृत्त हवालदाराला जिथे तिथे चोर दिसतात, यांना घोटे दिसतात.

नोकरी सुटली तरी वॉर्ड सुटला नव्हता. नर्सचं ते उलटं लटकणारं घड्याळ त्या साडीच्या पदरावर लावायच्या. घरी आलेल्या पाहुण्याला तासाभराने त्या घड्याळात बघून सांगायच्या, "भेटीची वेळ संपली." आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांना दर्शनाची रांग सांभाळायला दिली. त्यांनी दारातच हात आडवा धरला. "एका वेळी दोघंच. बाकीचे बाहेर. आणि आवाज नको." गणपतीला इतकी विश्रांती आजवर कुठल्याच गावात मिळाली नसेल. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना प्रसादाकडे नेमलं. तिथे त्या मोदक देण्याआधी विचारायला लागल्या, "शुगर आहे का?"

बेलग्रेव्ह रोडवर माझं भांड्यांचं दुकान. शैलाताईंचं घर आमच्यापासून चार दारं पलीकडे. त्या एकट्याच राहायच्या. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. माझ्याकडे डिश होती आणि तिच्यावर खेळांचे सगळे चॅनल होते. विकणाऱ्या पोराशी मी दोन तास घासाघीस करून ते मिळवले होते. त्याला शेवटी पाणी द्यावं लागलं. त्यातल्या एका चॅनलवर अमेरिकेतलं बायकांचं व्यावसायिक बास्केटबॉल लागायचं, तेही आपल्याकडे उजाडायच्या आधी. मी व्हीसीआरला टायमर लावून ठेवायचो. तीन वर्षं हे काम मी न कुरकुरता केलं. आमच्या बायकोला विचारलंत तर ती कुरकुरीबद्दल वेगळं सांगेल.

एरवी महिन्याला एखादा सामना लागायचा. त्या वर्षी मात्र शैलाताईंचा लाडका संघ अंतिम मालिकेत पोचला. पाच सामने, तीन जिंकेल तो विजेता. "पाचही पाहिजेत, जाधव," त्या म्हणाल्या. "त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही." आवाज असा, की ऑपरेशनच्या कागदावर सही घेतायत.

तीन सामने झाले. चौथ्याच्या वेळी मला बुद्धी सुचली. माझ्याकडे व्हीसीआर दोन. एकावरून दुसऱ्यावर उतरवताना मी सगळ्या जाहिराती गाळल्या. मग बघितलं, तर हे लोक घडीघडीला टाइमआउट घेऊन बाकावर बसतात, टॉवेलने तोंड पुसतात आणि पाणी पितात. यात बघायचं काय? तेही गाळलं. नुसता खेळ ठेवला. खडे निवडून तांदूळ द्यावेत तसा. मूळ टेप पाचव्या सामन्यासाठी रिकामी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, शैलाताईंनी ती टेप कुकरच्या थप्पीवर आपटली.

"टाइमआउट कुठे गेले?"

"ताई, ते नुसते बसून पाणी पितात हो."

"ते मी ठरवीन! तुम्हाला कोणी सांगितलं होतं कापाकापी करायला? सर्जन आहात?"

माझंही डोकं फिरलं. "तीन वर्षं फुकट टेपा देतोय! थँक्यू राहू द्या, वर हे?"

"पाचवा तसाच्या तसा पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि एकदम खाली बघत घड्याळ सरळ करू लागल्या. ते सरळच होतं. मग गेल्या.

घरी येऊन मी बायकोसमोर तासभर तोंड सोडलं. सुनंदाने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही ऋताला कापलंत."

ऋता म्हणजे शैलाताईंची मुलगी. इथल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. तीन वर्षांपूर्वी पक्की नोकरी सोडून ती अमेरिकेला निघाली, याच संघाच्या खेळाडूंचे पाय सांभाळायला. तेव्हा शैलाताई म्हणाल्या होत्या, "बायकांचे घोटे बांधायला जातेस? मग मला फोन करू नकोस." मुलीने आयुष्यात पहिल्यांदाच आईचं ऐकलं.

सामन्यात ती बाकाच्या टोकाला निळ्या टी-शर्टात बसलेली असायची. टाइमआउट झाला की दिसायची. कोणाला लागलं की धावत मैदानात यायची, तेव्हा तर चांगली मिनिटभर.

"तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुकानात सांगितलं असतंत."

मी उठून व्हीसीआरला टायमर लावायला गेलो.

पाचवा सामना मी जाहिरातींसकट उतरवला. कुत्र्याच्या खाण्याची जाहिरातसुद्धा ठेवली. संध्याकाळी सहाला टेप घेऊन शैलाताईंकडे गेलो. त्यांनी हात पुढे केला. मी टेप मागे घेतली.

"याची किंमत आहे, ताई. ऋताला एक फोन."

त्यांनी पदरावरच्या घड्याळात बघितलं. मला वाटलं, आता भेटीची वेळ संपणार.

"पत्र लिहिते," त्या म्हणाल्या.

"फोन."

"दिवाळीला करते. दिवाळी काही लांब नाही."

"आज. तिकडे आत्ता दुपार आहे."

"आधी टेप बघू द्या. मग करते."

"ताई, मी भांडी विकतो. आधी टेप दिली तर फोन होणार नाही, हे मला कळतं."

त्या उठल्या. नंबर कुठे बघितला नाही. तेरा आकडे पाठ होते. तीन वर्षांत एकदाही न लावलेला नंबर माणूस असा पाठ ठेवतो, हे मला माहीत नव्हतं.

फोन जुना, आवाज खोलीभर यायचा. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आई? सगळं ओके आहे ना?"

शैलाताईंनी घसा साफ केला. "गुडघ्याखाली टॉवेल घेत जा."

"काय?"

"त्या उंच मुलीचा पाय बांधत होतीस, तिसऱ्या सामन्यात. लाकडावर तशीच गुडघे टेकून. उठताना पाठीला हात लावलास. आणि बारीक झालीयेस."

मी टेप हळूच टेबलावर ठेवली आणि दाराकडे सरकलो.

"तू मला बघते?" ऋता म्हणाली. "सगळा वेळ बघत होती?"

"हे जाधव दाखवतात."

"मग सांगायचं ना, आई. मी कॅमेऱ्यात हात केला असता."

रिसीव्हर कानाशी घट्ट धरून शैलाताईंनी दुसरा हात थोडासा वर केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत हलवला.