चिठ्ठ्या तयार, फोटो तयार

आईचा जुना आल्बम नीटनेटक्यांनी कोमट पाण्याच्या टबात सोडला, तेव्हा त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. घरातले मोठे घोटाळे असेच होतात. वाईट हेतूचा माणूस निदान चार वेळा विचार करतो, चांगल्या हेतूचा माणूस थेट टब भरायला घेतो.

नीटनेटके हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. जन्मभर ते यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होते आणि तिथल्या कामगारांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. गोदामातल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या हातची चिठ्ठी असे. ते वाचायचे ती चिठ्ठी, वस्तूकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. निवृत्त झाल्यावर ही साथ घरात आली. दिव्यांच्या बटणांवर चिठ्ठ्या, चाव्यांवर चिठ्ठ्या, डब्यांवर चिठ्ठ्या. एकदा बायकोने वैतागून साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवलं. नीटनेटक्यांनी ते चहात दोन चमचे घातलं, ढवळलं आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. डब्यावर 'साखर' लिहिलेलं होतं, मग विषयच संपला. बायकोला हसूसुद्धा आलं नाही. अशा माणसाबरोबर आपला जन्म गेला, या विचाराने ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

आल्बम भिजवायला तसं निमित्त होतं. नगरपालिकेने बागेच्या कडेला एक भिंत बांधायला घेतली होती. मोठ्या लढाईत गेलेली आणि परत न आलेली गावातली माणसं त्या भिंतीवर लागणार होती, वर फोटो आणि खाली नाव. आईचे वडील त्यांतलेच. ते गेले तेव्हा आई पोटात होती. नंतर ना त्यांचं शरीर आलं, ना मेल्याची तारीख कळली. बेपत्ता, एवढाच निरोप आला आणि तोच घरात कायमचा राहिला. आई आता नव्वदीला टेकली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि छातीतल्या कफामुळे ऑपरेशन सारखं पुढे जात होतं. मागच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची लावून ती दिवसभर बसलेली असे. तिने कुणाकडे काही मागणं कधीच सोडून दिलं होतं. पण भिंतीचं कळलं आणि तिने मुलाला हाक मारली.

"माझ्या बापाला कुठे साधा दगड नाही रे," ती म्हणाली. "मी आहे तोवर त्यांना कुठेतरी जागा मिळू दे. फोटो आल्बममध्ये आहे. माझ्या आईने खाली लिहून ठेवलंय. बघ आणि देऊन टाक."

दुसऱ्या कुणी तो एक फोटो काढून देऊन टाकला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण नीटनेटक्यांनी आल्बम उघडला आणि त्यांना गहिवरून आलं. काळी जाड पानं, ओल लागून एकमेकांना चिकटलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. प्रत्येक फोटोखाली आजीने पांढऱ्या शाईने दोन-चार शब्द लिहिलेले. नवऱ्याचं नाव आजीने जन्मात घेतलं नव्हतं, तेव्हा लिहिण्याचाही प्रश्न नव्हता. 'हे, निघताना.' 'भाऊजी.' 'वन्सं, दात काढल्यावर.' अशी सगळी जंत्री. एवढी व्यवस्था आधीच्या पिढीत होती हे बघून त्यांना आपल्या रक्ताचा उलगडा झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी बेत पक्का केला. सगळे फोटो सोडवायचे, पुसायचे आणि प्रत्येकाच्या मागे स्वच्छ चिठ्ठी डकवायची. आधी चिठ्ठ्या, हा त्यांचा गोदामातला नियम. त्यामुळे त्यांनी दुपारभर टेबलाशी बसून आजीची अक्षरं वळणदार हस्ताक्षरात उतरवली. मान खाली, नजर अक्षरावर. अक्षराच्या वर कोण उभं आहे, कोण बसलंय, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग जुने फोटो कोमट पाण्यात अलगद सुटतात असं कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि टब भरला.

फोटो खरंच अलगद सुटले. एकाचाही कोपरा दुमडला नाही. आजीची पांढरी शाईही तितक्याच अलगद सुटली. काळी पानं पुसलेल्या पाटीसारखी कोरी झाली आणि टबातलं पाणी जरासं दुधाळ दिसायला लागलं.

बायको कपडे वाळत घालायला गॅलरीत आली, तर दोरीवर जागा नव्हती. चिमट्यांना सगळं सासूचं माहेर लटकत होतं. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि त्या दोहोंच्या मधे नवरा खाली बसला होता. तिने एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे.

"चिठ्ठ्या मात्र सुरेख लिहिल्यात हो," ती म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली.

आईला सांगायची नीटनेटक्यांची छाती झाली नाही. तिच्या आईच्या हातचं एवढंच काय ते शिल्लक होतं आणि ते आपण मोरीत ओतलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय तिला दिसत नव्हतं, ही त्यांना तेव्हा सोयच वाटली. संध्याकाळी तिने आल्बम मांडीवर मागितला, तर त्यांनी स्वतःच्या लग्नाचा आल्बम नेऊन दिला. आईने त्यावरून हात फिरवला.

"जाड झालाय," ती म्हणाली.

"ओल धरलीय."

नीटनेटक्यांना घाम फुटला होता, पण एवढ्यात उठून जाण्यात अर्थ नव्हता. त्यांनी आजोबा कसे दिसायचे म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं. आपण त्यांना कुठे पाहिलंय, असं आई म्हणाली. तिची आई सांगायची तेवढंच माहीत. उंच होते, मिशी होती, हसायला आलं की मिशी एका बाजूला जायची. बाकी फोटोत आहे तसे, बघ की तू. यावर नीटनेटके 'हो हो' म्हणाले आणि बाहेर आले.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीला बोलावणं गेलं. ती आली, तिने आधी भावाला यथेच्छ बोलून घेतलं आणि मग कामाला लागली. बायकांचे फोटो बाजूला काढले, घोळक्यांचे काढले, पोरांचे काढले. शेवटी एकट्या पुरुषाचे दोनच फोटो उरले आणि एकट्या पुरुषाच्या चिठ्ठ्याही दोनच, 'हे, निघताना' आणि 'भाऊजी'. इथवर सगळं गोदामाच्या हिशेबाने चाललं होतं. फोटोंत दोन भाऊ होते, नाक तेच, मिशी तीच. एकाच्या अंगात लष्करी कोट, छाती पुढे काढलेली, डोळे वटारलेले. दुसरा चौकटीच्या कोटात सायकलीला हात लावून उभा होता.

"दादा, सायकलवाल्याची मिशी बघ, एका बाजूला गेलीय," बहीण म्हणाली.

"दाढ दुखत असेल."

"हसतोय तो."

"लढाईला निघालेला माणूस हसेल कशाला? आणि जाताना सायकल कशाला धरेल? समोर धडधडीत लष्करी कोट आहे. याहून मोठी चिठ्ठी ती कोणती?"

बहिणीने आईलाच विचारू म्हणून बघितलं. नीटनेटक्यांनी हात जोडले. फोटो द्यायची मुदत संपत आली होती, समितीचे चिटणीस रोज निरोप धाडत होते. हे चिटणीस म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. त्यांनी कोटातला फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. असा करारी चेहरा अख्ख्या भिंतीवर नाही, हा मधोमध लावू, असं त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. नीटनेटके घरी आले ते हलके होऊन. आईला त्यांनी सांगितलं, आजोबा मधोमध लागणार. आईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली.

भीती वाटायला जागा होती, कारण नंतर सगळं चांगलंच घडत गेलं. गवंड्याचं आणि ठेकेदाराचं वाजलं, भिंत रखडली. तेवढ्या अवकाशात आईची छाती मोकळी झाली, ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि डॉक्टरांनी अगदी अभिमानाने सांगितलं की आजींना आता मुंगीचे पायसुद्धा दिसतील. घरातलं एकच माणूस ही बातमी ऐकून मटकन खाली बसलं. बायकोने त्यांना पाणी दिलं आणि त्यात साखर घालू का, असं विचारलं.

अनावरणाच्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. बागेत वारा सुटला होता, मंडपाचं कापड फडफडत होतं आणि ध्वनिक्षेपक मधूनच केविलवाणा आवाज काढत होता. आई पहिल्या रांगेत, काळा चष्मा लावून. तिच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. पडदा सरकला. आजोबा दारापेक्षा मोठे झाले होते. कवायत मास्तरांनी काठी उचलून त्यांच्या डोळ्यांकडे दाखवलं. ही नजर बघा, म्हणाले. ही नजर शत्रूवर रोखलेली आहे. या नजरेत भय औषधालाही नाही.

नीटनेटके आईकडे बघायला धजले नाहीत, म्हणून ते भिंतीकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खालची अक्षरं सोडून वरची वस्तू बघत होते. आजोबांच्या कोटाचं दुसरं बटण धाग्याला लोंबत होतं. डावीकडून तिसऱ्या वीराच्या कोटाचं दुसरं बटणही धाग्याला लोंबत होतं. उजवीकडे टोकाला जो होता त्याचंही. कॉलरची उसवण तिघांची एकाच जागी. एकच माल तीन खणांत दिसल्यावर कुठलाही स्टोअरकीपर करेल तेच त्यांनी केलं, बटणं पुन्हा एकदा मोजली.

शेजारी आईचे खांदे हलायला लागले. तिने पदर तोंडावर घेतला. मास्तर बोलायचे थांबले, नगराध्यक्ष खाली उतरून आले, कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. सगळी बाग गलबलली. ती हसतेय हे फक्त नीटनेटक्यांना ऐकू येत होतं.

सगळे चहाला पांगल्यावर आईने चष्मा काढला.

"हे कोण लावलंस?"

"आजोबा," नीटनेटके म्हणाले. आवाज गोदामात सापडलेल्या उंदरासारखा बारीक.

"काका आहेत हे माझे. सायकलवाले ते बाबा. निघायच्या आदल्या दिवशी काढलेला फोटो. जाणाऱ्याच्या अंगात कुठून येणार कोट? तो तिकडे पोचल्यावर मिळायचा. हा कोट फोटोवाल्याचा. त्याच्या दुकानात खुंटीला असायचा."

मग तिने सांगितलं. बाबा गेले आणि त्यांची काही खबर येईना, तसे भरतीवाले धाकट्या भावासाठी खेपा घालायला लागले. आजीने दिराला फोटोवाल्याकडे नेलं, कोट घालून उभं केलं आणि तो फोटो बाहेरच्या खोलीत टांगला. भरतीवाले आले की ती भिंतीकडे बोट दाखवायची. दोन्ही माणसं दिली, आता काय मागता? ते टोप्या काढून उभे राहायचे आणि जायचे. काका तेव्हा त्यांच्या डोक्यावर, पोटमाळ्यावर, तोंडात फडका कोंबून बसलेले असायचे. धुळीने त्यांना शिंका यायच्या. लढाई संपेपर्यंत ते तिथेच होते. डोळे वटारलेत ते फोटो काढताना उजेडासाठी मशालीएवढा जाळ करणाऱ्या फोटोवाल्याला घाबरून.

"आणि ती दुसरी दोघं? तोच कोट आहे, आई."

"गप्प बस. त्यांच्याही घराला पोटमाळा असेल."

बहीण तोंड फिरवून हसायला लागली. नीटनेटक्यांना हसू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी डोकं हातात धरलं. तुझी इच्छा मी मातीत घातली, म्हणाले. आताच्या आता मास्तरांना गाठतो, चूक कबूल करतो, फोटो बदलून घेतो. ते उठलेही. आईने त्यांचा सदरा मागून धरला.

"बस खाली. नाव बाबांचं आहे ना? वाचलं मी. मिळाली त्यांना जागा." ती थोडा वेळ वरच्या त्या वटारलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. "बाबांना मी पाहिलंच नाही रे. मला रस्ता ओलांडून शाळेत नेलं ते यांनी. कुत्रं दिसलं की माझ्यामागे लपायचे, पण यायचे रोज. गावाने त्यांना जन्मभर माळ्यावरचा म्हटलं. भर दिवसा मागच्या दाराने जायचे. मेले तेव्हा खांदा द्यायला माणसं गोळा करावी लागली."

वाऱ्याने एक खुर्ची आडवी झाली, ती कुणी उचलली नाही.

"आज पुढच्या दाराने आलेत," ती म्हणाली. "राहू देत."

घरी आल्यावर आईने आधी लग्नाचा आल्बम परत नेऊन ठेवायला सांगितलं. आपल्या आईच्या आल्बमचा वास आपल्याला कळत नाही, असं मुलाला वाटलंच कसं, एवढं विचारून तिने तो विषय बंद केला. मग दोन्ही फोटो तिच्या मांडीवर आले. 'हे, निघताना' ही चिठ्ठी सायकलवाल्याच्या मागे लागली. नीटनेटक्यांनी 'भाऊजी'च्या चिठ्ठीला डिंक लावला, तेव्हा आईने त्यांचा हात थांबवला. ही नको, म्हणाली, ही माझ्या आईची. मी सांगते ते लिही.

नीटनेटक्यांनी कोरी चिठ्ठी घेतली. पण लिहिण्याआधी ते फोटोकडे नीट बघत बसले, त्या भेदरलेल्या डोळ्यांकडे, लोंबत्या बटणाकडे.

"काय लिहू?"

"माझे काका. लढाईच्या वेळी घरी होते."

त्यांनी वळणदार अक्षरात तेवढंच लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत चिठ्ठीवर फुंकर घालत राहिले.