घंटी राहिलेली सायकल

सायकल आणायला म्हणून गेलो आणि नुसता तिचा सांगाडा खांद्यावर टाकून परत आलो. चूक माझीच. गणूतात्या म्हणाले, "इंग्लिश पोलाद हाय, मास्तर," आणि चाकं कुठं आहेत हे विचारायच्या आधीच मी पुऱ्या सायकलीचे पैसे देऊन मोकळा झालो. दारात बायको म्हणाली, "याला चाकं कधी फुटणार? पाणी घालायचं का रोज?"

शाळा टेकडीपलीकडे. पायपिटीनं वहाणा झिजत होत्या, म्हणून जुनी का होईना, सायकल हवी होती.

तात्या म्हसळ्याच्या वाटेवर एकटेच राहत. ही सायकल त्यांनी मुंबईत गिरणीत असताना घेतलेली. बायको वारल्यावर गावी आले आणि सायकल सुटी करून वाशांना टांगली, दुधी टांगतात तशी. प्रत्येक भागाला खोबरेल चोळायचे. सांगाड्यावर बोटानं टकटक करून कान लावायचे.

"ऐका मास्तर. हाड बोलतंय."

मला काही ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

"आणि चाकं?" पैसे देऊन झाल्यावर मी विचारलं.

"मुरतायत अजून. आयतवारी या."

लोणच्यासारखी सायकलही मुरते, ही माहिती मला नवीन होती.

आयतवारी गेलो. घावणे झाले, कोरा चहा झाला, गिरणीतल्या भांडणांच्या गोष्टी झाल्या आणि निघताना एक चाक मिळालं. एकच. दुसरं पुढच्या आयतवारी. मग हँडल, मग सीट, मग चेन. मी कुरकुरलो की म्हणायचे, "घाई हाय व्हय तुमाला?" घाई होतीच, पण तोंडात त्यांचा घावणा असताना तसं सांगणार कसं?

शेवटी घंटी तेवढी राहिली. ती आणायला बायकोला कॅरियरवर बसवून गेलो. तात्यांनी दोन पाट आधीच मांडून ठेवले होते. बायकोला पाहून त्यांची तारांबळ उडाली. तिसरा पाट शोधून, पुसून मांडेपर्यंत तव्यावरचा घावणा करपला.

"घंटी?" मी विचारलं.

"स्प्रिंग यायची हाय मुंबईसनं," तात्या तव्याकडे बघत म्हणाले.

परतताना मी म्हणालो, "कोनाड्यात होती घंटी. घासूनपुसून ठेवलेली. पुढच्या आयतवारी मागूनच घेतो."

"मीही पाहिली," मागून बायको म्हणाली. "मागू नका. वाटेत कोणी आलं तर मी ओरडेन की."