यजमान गैरहजर

मॅडम तासाभरात पोचणार होत्या आणि काकांनी भेटीसाठी ठरवलेलं भांडखोर जोडपं समेट करून सिनेमाला निघून गेलं होतं. "सर, तुमच्यामुळेच जमलं हो सगळं!" नवऱ्याने फोनवर आनंदाने सांगितलं. काकांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात ते सगळ्यांचे काका होते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून त्यांनी जगाची दुःखं ऐकायला घेतली होती. आता शेवटचं सत्र होतं. शिकवणाऱ्या मॅडमच्या देखरेखीखाली आज एक कुटुंबभेट पार पडली की पदवी. नाही पडली तर वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं तर पुन्हा बॅग उचलून डॉक्टरांच्या दारात उभं राहायचं, असं बायकोने आधीच बजावलं होतं.

"तू होतेस का पीडित कुटुंब?" काकांनी बायकोला विचारलं.

"होते काय, आहेच," बायको म्हणाली.

भराभर सगळं ठरलं. नवरा फिरतीवर असतो, सासूशी पटत नाही, बस्स. लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवून सोफ्यामागे सारला. खोटं बोलायला काकांच्या आईने साफ नकार दिल्यामुळे तिची रवानगी आतल्या खोलीत झाली. मग काका खाली जाऊन फाटकापाशी परक्यासारखे उभे राहिले.

मॅडमना घेऊन त्यांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली. बायकोने दार उघडून विचारलं, "कोण आपण?" तिने हे इतकं मनापासून विचारलं की काका क्षणभर गडबडले. आत आल्यावर ते सवयीने स्वयंपाकघरात गेले आणि पाणी पिऊन, ग्लास विसळून बाहेर आले.

"क्लायंटच्या घरात इतकी सहजता?" मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"विश्वास संपादन केलाय, मॅडम."

मॅडमची नजर भिंतीवरच्या फिकट चौकोनावर गेली. "इथे काही लावलेलं होतं का?"

"आमच्या लग्नाचा फोटो," बायको म्हणाली. "आजच सकाळी उतरवला."

मॅडमनी गंभीर चेहऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात आई बाहेर आली आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाली, "हा रोज येतो. जेवतो, झोपतो आणि सकाळी निघून जातो. कुणाशी एक शब्द बोलत नाही."

"रोज?" मॅडम थक्क झाल्या. "आणि मुक्कामसुद्धा?"

"तीव्र स्वरूपाची केस आहे," काका कसेबसे म्हणाले. आईला बायकोने हाताला धरून आत नेऊन बसवलं आणि परत येऊन ती काकांच्या समोरच बसली. ठरलेलं सगळं तिने गुंडाळून ठेवलं.

"माझा नवरा अख्ख्या गावाचं ऐकतो. मी बोलायला लागले की म्हणतो, 'म्हणजे तुला राग आलाय तर.' आणि पेपरचं पान उलटतो."

"असं कधी म्हणालो मी—" काकांनी जीभ चावली. "म्हणजे, असं ते कधी म्हणाले?"

"तुम्ही त्यांच्या नवऱ्याची बाजू का घेताय?" मॅडम कडाडल्या. "नुसतं ऐका."

झालं! काका पुरते अडकले. बचाव करावा तर नापास, उठावं तरी नापास. बायकोलाही ते बरोबर कळलं होतं. इतकी वर्षं मनात साठवलेलं तिने एकेक करून बाहेर काढलं. हॉस्पिटलातून आईला एकटीने घरी आणलं ते, मुलीला हॉस्टेलवर सोडताना रडू आलं ते. "त्यांनी नोकरी सोडल्याचं मला शेजारणीकडून कळलं, साहेब," ती म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "राग नव्हता आला. भीती वाटली होती. पण कुणी विचारलंच नाही."

काकांना फार लाज वाटली. पुस्तकातलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"कशाची भीती?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला न सांगता एवढं करता येतं, तर मग माझी गरज काय, याची."

मॅडमनी वही मिटली. "उत्तम! इतकं खरं ऐकणं मी वर्गात कुणाचं पाहिलं नाही. तुम्ही पास." काकांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्या पुढे म्हणाल्या, "पण ही केस सोडायची नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येईन. तेव्हा यांचे यजमान हजर पाहिजेत. तुमच्या शेजारी बसवा त्यांना."

"माझ्या शेजारी?" काकांना घाम फुटला.

"मी सांगून बघते, मॅडम," बायको शांतपणे म्हणाली. "येतील की नाही, शंकाच आहे."

मॅडमबरोबर काकांनाही बूट घालून निघावंच लागलं. त्यांना रिक्षात बसवून ते धावत परत आले आणि बेल वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी. तुझा नवरा."

"ते घरी नसतात," बायको म्हणाली आणि तिने कडी काढली. "तरी या. बसा. अजून बरंच सांगायचंय."