राजा येहुदाची परात

ही हकिकत दोन हजार बावीस सालची. त्या वर्षी पनवेलच्या नाथन गव्हाणकरांनी खुर्चीत बसल्या बसल्या अख्खा कोकण किनारा कितव्यांदा तरी जिंकला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वैतागून म्हणाले, "काही अर्थ नाही!"

नाथन बंदराच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यापासून थोरली बहीण एलिशेबा त्यांच्याकडेच राहायला आली होती. बेने इस्रायली माणसं. एके काळी पनवेलात त्यांची इतकी घरं होती, की शनिवारी, शब्बाथला चुली बंद असल्याने, त्या आळीतून जाताना फोडणीचा वास येत नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं आणि आता सगळ्याच वारी फोडणीचा वास येतो.

निवृत्तीनंतर नाथनना कॉम्प्युटरवरच्या राज्यांच्या खेळाचा नाद लागला होता. आपण जुन्या काळातलं एक राज्य घ्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. जकात, गलबतं, तह, सोयरिकी, लढाया, सगळं आपण बघायचं. आजूबाजूची राज्यं कॉम्प्युटर चालवतो. नाथन नेहमी चौलचं राज्य घेत आणि नेहमी जिंकत.

खालच्या मजल्यावरच्या यूनुसभाईंची मुलगी मुबीना घरूनच ऑफिसचं काम करायची आणि चहाच्या वेळेला वर यायची. ती म्हणाली, "काय झालं काका? हरलात?"

"हरलो असतो तर पेढे वाटले असते! हा बघ रेवदंड्याचा राजा. गेल्या वर्षी मी याचं बंदर घेतलं, जहाजं बुडवली, वखार जाळली. आणि आज हा मला मुलगी देतोय. वर हुंडा देतोय!"

"अवघड लेव्हल लावा ना."

"लावली. राजा तोच बिनडोक, फक्त त्याच्या खजिन्यात फुकटचं सोनं. नापास पोराला ग्रेस मार्क देऊन वरच्या वर्गात बसवावं, तसं."

मुबीनाला हे पटलं. खेळाच्या नियमांच्या फायली कुणालाही बदलता येतात, हे तिला ठाऊक होतं. "मी बदलून देते काका. पण मला राजे कुठे माहितीयत? राजाला राग आला की तो काय करतो, ते कोणीतरी सांगायला पायजे."

एलिशेबा खिडकीशी बसून वाल सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "राजा काय नि रंक काय, अपमान झालेला माणूस लढायला येत नाही गं. तो येणं बंद करतो."

मुबीनाने चहा ठेवला आणि धावत खाली जाऊन लॅपटॉप आणला.

"हां मावशी, बोला. पहिलं काय करतो?"

"पहिलं बोलणं बंद. मग आपल्याशी जे बोलतात, त्यांच्याशी बोलणं बंद. मग तिसऱ्याच्या घरी जाऊन नुसतं म्हणायचं, 'आम्ही काही बोलत नाही बाबा, त्यांचं त्यांना लखलाभ.' तेवढ्यावर पाच घरं फुटतात."

"आणि भेटवस्तू पाठवली तर?"

"आल्या पावली परत. 'आता आठवण झाली का?' असं म्हणून."

"पण मावशी, गेममध्ये राग दर वर्षी थोडा थोडा कमी होतो."

"कमी होतो?" एलिशेबांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "राग दर लग्नाला वाढतो, बाई!"

"मग तो राजा कधी परत येणारच नाही?"

"येतो की. बोलावलं तर नाही येत. आपल्यावाचून कार्य पार पडतंय असं कानावर गेलं, की येतो. वेळेच्या आधी येतो."

मुबीनाने उदाहरणं मागितली. ती एलिशेबांकडे भरपूर होती. घराण्यात त्यांच्या आठवणीला फार मान. कोणाच्या लग्नात कोण कोणाला काय बोललं, हे विचारायला मुंबईहून फोन येत. त्यांनी पहिलं उदाहरण दिलं चुलतभाऊ येहुदाचं. येहुदा एकाहत्तर साली इस्रायलला गेला. जाण्याआधी त्याने स्वतःच्या लग्नासाठी घरातली मोठी पितळी परात नेली. मलिद्याचे, म्हणजे कार्याच्या प्रसादाचे, पोहे त्याच परातीत भिजत. "ती परात इस्रायलला गेली ती गेलीच. मला स्वच्छ आठवतंय, गुरुवार होता."

मुबीनाने रेवदंड्याच्या राजाला तात्पुरतं नाव दिलं, येहुदा. प्रत्येक राजाच्या नावाखाली त्याच्या स्वभावाची एक ओळ लागते. तिने ती इंग्रजीत लिहिली. तिचा मराठीत अर्थ असा: शूर, गोडबोल्या, दुसऱ्याची भांडी परत करत नाही.

नवा खेळ सुरू झाला. नाथननी सवयीप्रमाणे रेवदंड्याचं बंदर घेतलं. येहुदा राजाने फौज पाठवली नाही. त्याने नागावच्या राजाला एक खलिता पाठवला. नागावने अलिबागला. हळूहळू चौलला मीठ मिळेना, सुताराअभावी गलबतं किनाऱ्याला कुजली, राजकन्येला स्थळ येईना. नाथननी रेवदंड्याला हत्ती पाठवला. हत्ती परत आला.

"एक तोफ उडाली नाही आणि मी भिकेला लागलो!" नाथन आनंदाने ओरडले. "ताई, ऐकलंस का? हरलो!"

"मग पेढे आण," एलिशेबा म्हणाल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण मुबीनाने कौतुकाने ते बदललेले नियम, बाकीच्या खेळाडूंनी करून बघावेत म्हणून, इंटरनेटवर टाकले आणि नावं बदलायची राहून गेली. जगभरच्या पोरांना रुसणारे राजे फार आवडले. त्या पोरांत इस्रायलमधला एक ओमेर होता. ओमेर म्हणजे येहुदाचा नातू. खाली आभारात नाथन आणि एलिशेबांची नावं बघून त्याने ती ओळ आजोबांना वाचून दाखवली.

नाथनच्या दृष्टीने याहून वाईट वेळ दुसरी नव्हती. त्या डिसेंबरात त्यांच्या वडिलांना जाऊन पन्नास वर्षं होत होती. घरी प्रार्थना करायची आणि मग मलिदा करायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी बरीच वर्षं धरली होती. पण त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर चालत नाही. पनवेलात धरून-बांधून सहा भरत. उरलेले चार म्हणजे येहुदा, त्याचे दोन मुलगे आणि ओमेर. चौघांची तिकिटं काढून झाली होती.

फोन आला. येहुदाची मराठी एकाहत्तर सालीच थांबली होती, पण तिला गंज चढला नव्हता.

"नाथन, मी चोर काय रे?"

"दादा, अरे तो खेळ आहे..."

"ब्राझीलची कार्टी मला भांडीचोर राजा म्हणतात! काकांनी ती परात मला स्वतःच्या हाताने दिली. आम्ही येत नाही. तुमचं तुम्हाला लखलाभ!"

नाथननी फोन ठेवला आणि बहिणीकडे बघितलं. "लखलाभ म्हणाला."

"म्हणणारच," एलिशेबा म्हणाल्या.

मुबीना रडकुंडीला आली. तिने नाव बदललं, पण तोवर ते जगभर पोचलं होतं. नाथननी माफीचे तीन फोन केले, तिन्ही उचलले गेले नाहीत. मग त्यांनी इंटरनेटवरून येहुदाच्या घरी फुलांचा गुच्छ पाठवला. संध्याकाळी त्याच गुच्छाचा फोटो आला. तो शेजाऱ्याच्या दारात ठेवलेला होता. खाली येहुदाने लिहिलं होतं, 'आता आठवण झाली का?'

दुसरीकडून माणसं मिळवायचाही प्रयत्न झाला. ठाण्याच्या मंडळींचं त्याच दिवशी लग्न होतं. पेणच्या दोघांना येहुदाचा फोन आधीच जाऊन पोचला होता. 'आम्ही कशाला मध्ये पडू?' असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. नाथन कॉम्प्युटरसमोर बसले, पण खेळ उघडला नाही.

"सहा माणसं," ते म्हणाले. "बाबांचं एवढं एक करायचं होतं. सहा माणसांत काय होणार?"

त्यांचा चेहरा बघून मुबीनाने लॅपटॉप जवळ ओढला. मग एकदम म्हणाली, "काका, गेममध्ये येहुदा राजाला कोणी परत आणलं असेल का?"

तिने खेळाडूंचे निरोप चाळले. कोणी सोनं देऊन बघितलं होतं, कोणी फौज नेऊन. एका पोराला मात्र जमलं होतं. त्याने लिहिलं होतं, 'निमंत्रण रद्द करा. समारंभ चालू ठेवा.'

"हे मीच सांगितलं होतं," एलिशेबा म्हणाल्या.

"मग ताई, इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

मग तिघांनी बसून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मजकूर ठरवला. नाथनना 'दहा जण जमले' असं खोटं लिहायचं नव्हतं. एलिशेबा म्हणाल्या, "मग 'जमत आहेत' असं लिही. जमवतोच आहोत ना आपण?" शेवटी मजकूर असा झाला: 'बाबांची प्रार्थना ठरल्या दिवशी होईल. माणसं जमत आहेत. लांबच्यांनी तसदी घेऊ नये.'

"'लांबच्यांनी' हे बरोबर लागेल," एलिशेबा म्हणाल्या आणि वाल सोलायला गेल्या.

येहुदाने मजकूर वाचला. उत्तर दिलं नाही. आठवड्याने ओमेरने मुबीनाला कळवलं, 'आजोबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीवरची परात काढतायत.'

प्रार्थनेच्या दिवशी खुर्च्या मांडायच्या आत दारात टॅक्सी थांबली. येहुदा पुढे, मागे दोन उंच मुलगे आणि त्यामागे ओमेर. येहुदाच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली परात. विमानात ती त्याने कोणाच्या हाती दिली नव्हती. खालून खुर्च्या घेऊन आलेले यूनुसभाई जिन्यात बाजूला सरकून उभे राहिले.

"शालोम," येहुदा म्हणाला. "प्रार्थनेसाठी आलोय, जेवायला नाही. पण आधी हे सगळ्यांसमोर ठरू दे. ही परात काकांनी मला दिली. बुधवार होता."

"गुरुवार," एलिशेबा म्हणाल्या. "आणि दिली नाही, तू नेलीस. माझ्या आठवणीला नावं ठेवू नकोस, येहुदा. अख्खं घराणं मला विचारतं."

"विचारू दे! तुला घाबरून विचारतं!"

"आण ती इकडे. आधी घासते. भिंतीवर टांगलेल्या परातीत मी पोहे भिजवणार नाही."

त्यांनी परात मोरीत नेली. आतून ती आरशासारखी लखलखत होती, पण भिंतीकडच्या बाजूवर चुलीचं काळं तसंच होतं. एलिशेबांनी चिंच लावली आणि घासायला घेतलं. बाहेर येहुदाचा आवाज चढत होता. मग मोरीतला घासण्याचा आवाज थांबला.

"ताई?" नाथननी हाक मारली.

एलिशेबा पदराला हात पुसत आल्या आणि परात पालथी टेबलावर ठेवून बाजूला झाल्या. पूर्वी भांड्यांवर ठोकून नावं घालत, तसं काठाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. नाथननी चष्मा लावून वाचलं, "हव्वाबी."

"या अल्ला!" यूनुसभाई खुर्ची टाकून पुढे आले. "ही तर माझ्या दादीची! आळीतल्या सगळ्यांच्या कार्याला मोठी भांडी तीच द्यायची. मरेपर्यंत बोलायची, माझी मोठी परात कोणी नेली कळत नाय."

सगळ्यांनी एलिशेबांकडे बघितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"आता आठवतंय," त्या म्हणाल्या. "नाथनच्या बारशाला आईने आणली होती."

"आणि परत नाही केली?" नाथन म्हणाले.

"कशी करणार? तू रात्रंदिवस रडायचास. सवड कोणाला होती?"

येहुदाने एकदा परातीकडे बघितलं, एकदा भावाकडे. "म्हणजे काकांनी मला दिली ती यूनुसची परात. आणि ब्राझीलमध्ये बदनाम मी!"

"चोरीचा माल चोरीला गेला, भाईजान," यूनुसभाई म्हणाले. "त्याला गुन्हा नाय धरत." ओमेरला आधी अर्थ सांगावा लागला, म्हणून तो सगळ्यात शेवटी हसला.

मग माणसं मोजली. दहा भरली. यूनुसभाई आणि मुबीना दाराशी बसले आणि नाथननी वडिलांसाठी प्रार्थना म्हटली. दुसऱ्या ओळीला येहुदाने शेजारून सूर धरला. मलिदा हव्वाबीच्या परातीतच झाला. येहुदा जेवायला नाही म्हणून आला होता, त्याने तीनदा घेतला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून संध्याकाळी परात पोहे, खोबरं आणि केळ्यांनी भरून, वर गुलाबाचं फूल ठेवून, एक मजला खाली गेली.

येहुदा आता दर वर्षी डिसेंबरात येतो. त्याच्या घरच्या भिंतीवर परातीच्या जागी फिकट गोल उरला आहे. तो त्याने रंगवू दिलेला नाही. खेळातलं आपलं नाव त्याने परत घालायला लावलं. फक्त भांड्यांची ओळ आता चौलच्या राजाखाली आहे. ओमेर मराठी शिकतो आहे, पण आजोबांची, त्यामुळे पनवेलच्या रिक्षावाल्यांना तो नाटकातला वाटतो. यूनुसभाई परात कोणालाही देत नाहीत. मागायला आलं की कुठल्या कपाटात आहे ते आठवत नाही म्हणतात.

मुबीना आता खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि पनवेलजवळच विचुंब्याला तिने घर घेतलं. त्या प्रसंगानंतर तिने राजांच्या नियमांत एकच भर घातली. राजांना सगळं आठवतं, पण चुकीचं आठवतं, आणि त्यावर ते ठाम असतात. तेव्हापासून तो खेळ कोणाला जिंकता आलेला नाही. नाथन रोज हरतात आणि मजेत आहेत.

एलिशेबांची स्मरणशक्ती अजून तशीच आहे. हव्वाबीची परात आपणच आठवणीने परत केली, असं त्या सगळ्यांना सांगतात. गुरुवार होता.