परकी चकती

एका जंगलात रस्ते आधी आले आणि सायकली मागाहून. तोवर सगळे प्राणी रस्त्याच्या कडेकडेने चालत, रस्ता खराब होऊ नये म्हणून. पण मुलांनो, आपली गोष्ट सायकली आल्यानंतरची आहे.

त्या जंगलात नाना नावाचे एक वैद्य राहत. जातीने खवले मांजर. भीती वाटली की अंगाचा गोळा करून बसायचं, ही त्यांच्या कुळाची रीत. त्यात नानांनी ग्रंथ पुष्कळ वाचलेले, म्हणून त्यांना कसलीच खात्री नसे. औषधाच्याही ते दोन बाटल्या भरत. एक फुटली तर?

नानांकडे गिअरची सायकल होती. पेडलपाशी दोन दातेरी चकत्या: सपाटीला मोठी, चढाला लहान. लहान चकतीचे दात पार झिजले होते. चढ लागला की चेन खाडकन निसटे आणि नानांचे पाय नुसते हवेत फिरत.

अशात एका सकाळी टेकडीवरून निरोप आला. भिवरा चितळीच्या पाडसाला ताप भरला होता. काढा आजच पोचायला हवा होता.

नाना तडक गेनू मुंगसाच्या सायकलदुकानात गेले.

"नाना, ही कंपनी कधीच बुडाली," गेनू म्हणाला. "दुसरीची चकती बसवतो. भोकं जुळतात, दात तेवढेच आहेत."

"पण मोठी चकती एका घराण्याची, लहान दुसऱ्याची. चेन हिच्यावरून तिच्यावर नीट जाईल का रे?"

"लग्न लावतोय का आपण? बसवून बघू की!"

गेनूने चकती बसवली. नानांनी वडाभोवती फेऱ्या मारल्या. चेन जराशी कुरकुरली आणि लहान चकतीवर गेली. परतही आली.

आता नानांनी टेकडीची वाट धरायची. पण त्यांना सायकलबरोबर आलेली पुस्तिका आठवली. त्यात छापलं होतं: 'परके भाग बसवल्यास गिअर नीट पडण्याची हमी नाही.' गिअर खरंच नीट पडतोय, की आपल्याला नुसतं तसं वाटतंय? नाना सायकल घेऊन, कुठला भाग कशाशी जुळतो हे ठरवणाऱ्या सुसंगती मंडळाकडे गेले.

मंडळावर पाच सभासद होते. पाचही घुबडं, त्यामुळे सुसंगती आपोआपच होती. सभा भर दुपारी भरली. उन्हात घुबडांना दिसत नव्हतं, पण सायकल बघायची गरज कोणालाच वाटली नाही. पुस्तिका सगळ्यांना पाठ होती.

"गिअर पडला?" घुबडशास्त्रींनी विचारलं.

"पडला, शास्त्रीबुवा."

"किती वेळा?"

"चौदा वेळा."

"म्हणजे पंधराव्यांदा पडणार नाही."

नानांनाही अगदी हीच भीती होती. त्यांना फार बरं वाटलं. ते गेनूकडे परतले आणि त्यांनी जुनी, झिजलेली चकती पुन्हा बसवून घेतली.

"नाना, काढा माझ्याकडे द्या. मी जातो," गेनू म्हणाला.

"तुझी सायकल कुठल्या कंपनीची?"

"काय ठाऊक! हँडल एकीचं, चाकं दोघींची. घंटी बहुतेक देवळातली असावी."

नाना शहारले. पण स्वतःच्या निर्णयाचीही त्यांना खात्री नव्हती. म्हणून दुसरी बाटली त्यांनी गेनूला दिली.

पहिल्याच वळणावर नानांची चेन निसटली. ते उतरून सायकल ढकलू लागले. मागून घंटी वाजली.

"येऊ का पुढे, नाना?" म्हणत गेनू निघूनही गेला.

नाना पोचले तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. पाडस अंगणात उड्या मारत होतं.

"टेका जरा, वैद्यबुवा," भिवरा म्हणाली. "चेहरा बघा तुमचा! तापकरी तुम्हीच दिसताय."

"याचा ताप कधी उतरला?"

"मघाशीच. गेनूभाऊंनी काढा आणला, पाजला, उतरला."

नानांनी पाडसाची नाडी तीनदा पाहिली. ताप नव्हता. मग त्यांची नजर झाडाला टेकलेल्या गेनूच्या सायकलवर गेली. हँडल एकीचं, चाकं दोघींची. त्यांनी चौथ्यांदा नाडी पाहिली.

"बाळ, तू आपला पडून राहा," ते म्हणाले. "हमी देता येत नाही."

पाडस आज्ञाधारक होतं. ते पडून राहिलं.

तात्पर्य: मुलांनो, सायकलचे सगळे भाग एकाच कंपनीचे असावेत. मग सायकल चढ चढली नाही, तरी ती शास्त्राला धरून चढली नाही, याचं समाधान राहतं.